काचेत मुरलेली चांदी

६ ऑक्टोबर

बाबांनी आज वरणभात कालवता कालवता दुकान देऊन टाकलं. "दिवाळी होऊ दे, मंग भय्याजीले देऊन टाकतो. तो मोबाइलचं दुकान लावते म्हणते." मीठ सरकव म्हणावं, त्या आवाजात. मी म्हटलं, आणि मी? "तू नागपूरले जा. कोचिंगवाले मॅडम मॅडम करून राहिले ना? इथं गंज-भांड्यायवर नावं टाकाले एम.एस्सी. केली काय?"

राग आला की मला लिहावं लागतं. नाहीतर तो भांड्यांवर निघतो, आणि आमच्या दुकानातली भांडी गिऱ्हाइकांची असतात.

दुकान लाखनीत, उड्डाणपुलाच्या खाली, सर्व्हिस रोडला. बाबांनी सगळं आयुष्य तिथे बसून छिन्नी आणि हातोडीने भांड्यांवर नावं टाकली. या भागात ज्या घरी पाणी भरायची पितळेची गुंडी आहे, तिथे बहुतेक त्यांचं अक्षर आहे. मग त्यांचा हात थरथरायला लागला आणि लेसरची मशीन आली. मी नागपूरच्या प्रयोगशाळेत होते, तिथलं प्रोजेक्ट संपलं आणि मीही आले. आता मशीन मी चालवते. बाबा स्टुलावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "बटन दाबलं का झालं. यात अक्षर कुठं हाय?"

प्रयोगशाळेत आम्ही लेसरने काचेच्या अंगात चांदीचे कण बसवत होतो. इतके बारीक कण की ते चांदीसारखे चमकत नाहीत, पिवळे दिसतात. तिथली मशीन खोलीएवढी होती. आमची शिलाई मशीनएवढी आहे. पण प्रकाश तो प्रकाशच.

एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवते. मला नागपूरला जायचं नाही. मला इथेच, या पुलाखाली, हे काम करायचं आहे. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणतील, करून दाखव. म्हणून आधी करून दाखवते.

९ ऑक्टोबर

झालं! म्हणजे अर्धं झालं!

चांदी कुठून आणायची हा प्रश्न होता. मिठाईच्या दुकानातून वर्ख आणला. मिठाईवाला म्हणाला, "मॅडम, बर्फी किती केली?" मी म्हटलं, बांगडीला लावायचा आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही, पण वर्ख देताना माझ्याकडे फार काळजीने पाहिलं.

साधी पांढरी, रुंद काचेची बांगडी घेतली. आतून वर्ख लावला, कापडाच्या बोळ्याने दाबला. पेले फिरवायची जी कडी मशीनला आहे, तिच्यात बांगडी अडकवली. बाहेरून लेसर. प्रकाश काचेतून आरपार जातो, काचेला पत्ताही लागत नाही. तो पलीकडच्या वर्खावर पडतो, तिथे चांदीची क्षणात वाफ होते आणि ती उलटी काचेकडेच झेप घेते. बोळा काढला तर काचेवर अक्षरं! तपकिरी, थोडी काजळलेली, पण कडेला पिवळी झाक.

मी ओरडले. बाबा स्टुलावरून पडता पडता राहिले. आईला घरून बोलावून आणलं. तिने बांगडी उजेडात धरली आणि म्हणाली, "चांदी पिवळी पडली म्हणजे नकली असन."

मी तिला सांगितलं की कण बारीक झाले की रंग बदलतो. ती म्हणाली, "माह्या लग्नातल्या तोरड्यावाल्यानं बी असंच सांगतलं होतं."

११ ऑक्टोबर

ताराबाई येऊन गेल्या. अड्याळच्या. बांगड्यांचं त्यांचं दुकान तिथल्या बाजारात सगळ्यात जुनं. आईची आणि त्यांची ओळख आहे, आईनेच निरोप धाडला असावा, जरी ती "मी कायले सांगू" म्हणते आहे.

त्यांच्या गुड्डीचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटी आहे. मुलाचं नाव राजकुमार. ताराबाईंनी बांगडी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. त्यांचा चेहरा एकदम हसरा झाला. "हिरव्या चुड्याच्या मधात ही पिवळी बांगडी... हळदीसारखी दिसन वो."

मग त्यांनी अंगठा ओला केला आणि आतून अक्षरावर घासला. अक्षर अंगठ्यावर आलं.

"पुसून गेलं ना वो पोरी."

मी म्हटलं, अजून मुरवायची आहे. ताराबाई म्हणाल्या, "मी सांगते ते आयक. आमची गुड्डी ह्या बांगड्या घालून भांडे घासन. तुसाच्या राखेनं. राखेनं घासून बी नाव राह्यलं, तर गुड्डीच्या हातात तुयी बांगडी, अन् माह्या दुकानात बी तुयीच बांगडी. नाही राह्यलं तर राह्यलं."

तुसाची राख म्हणजे धानाच्या टरफलांची राख. आमच्या इकडे सगळी भांडी तिनेच घासतात, आणि ती इतकी कडक असते की पितळेवरची जुनी नावंसुद्धा झिजतात. यापेक्षा प्रयोगशाळेतली परीक्षा सोपी होती.

बाबांनी सगळं ऐकलं. ताराबाई गेल्यावर एवढंच म्हणाले, "लग्नापर्यंत भय्याजीले थांब म्हणतो. तवरीकच."

१३ ऑक्टोबर

आज कैलाश आला होता, शहापूरचा. भंडाऱ्याला बी.एस्सी.ला माझ्या मागच्या बाकावर बसायचा. माझं प्रॅक्टिकलचं जर्नल न्यायचा आणि परत देताना त्याला नवीन कव्हर घालून द्यायचा. टापटिपीचा मुलगा. आता घरची राइस मिल पाहतो.

पितळेची गुंडी आणली होती, नवी कोरी. म्हणाला, "नाव टाकून दे. कैलाश. अन् बाजूले जागा सोडजो."

"गावाचं नाव टाकायचं आहे का?"

"नाही. मंग सांगतो."

मी म्हटलं, एकाच वेळी टाकलेलं बरं असतं, नाव मधोमध येतं, असं एका बाजूला ओढलेलं वाईट दिसेल. तो म्हणाला, दिसू दे. भंडारा ओलांडून इथवर आला, तिकडे नावं टाकणारे पैशाला पासरी आहेत. बाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सोड जागा. मोठी सोड."

गुंडी अगदी भकास दिसते आहे. गिऱ्हाइकाला कोण शिकवणार.

१६ ऑक्टोबर

मुरवण्यासाठी काच तापवायला हवी. त्यासाठी दुसरी मशीन काढली, नंबरप्लेट आणि पाट्या कापायची जुनी. तिचा प्रकाश काचेतून जात नाही, काचेतच अडतो आणि तिला तापवतो. काच जराशी मऊ झाली की चांदी आत शिरते, लोणच्यात मीठ शिरावं तशी. रंगही असा सुंदर पिवळा येतो की काजळी कुठल्या कुठे जाते.

आणि मग टण्ण. बांगडी मशीनमधून काढून ठेवली की टण्ण. ही ठेवली, ती ठेवली, टण्ण, टण्ण. काच बाहेर येऊन पटकन निवते आणि तडकते. मी म्हटलं, "फुटल्या सगळ्या!" आई दारातून धावत आली, "फुटल्या नोको म्हणू! वाढल्या म्हण! पोरीच्या लग्नाच्या बांगड्या हायेत."

बरं. आज माझ्या टोपलीभर बांगड्या वाढल्या. मला रडू येतंय.

१९ ऑक्टोबर

काय लिहू, कुठून लिहू!

आई दिवाळीची साफसफाई करत होती. घरात संपली म्हणून दुकानात आली. मी दोन बांगड्या मशीनमधून नुकत्याच काढून पत्र्यावर ठेवल्या आणि गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेले. आईने पाहिलं, पोरीने खरकटं लागल्यासारख्या पिवळ्या डागांच्या बांगड्या ठेवल्यात. तिने फडक्याने पत्रा उचलला आणि मागच्या मोरीत, जिथे तिची राखेची बादली असते, त्या बादलीत दोन्ही बांगड्या खुपसून दिल्या, "सायंकाळी घासीन" म्हणून. तिच्यासाठी जगातली प्रत्येक वस्तू एकतर घासलेली असते किंवा राखेच्या बादलीत असते. बादलीत त्याच वेळी शेजारच्या मिलमधून आणलेली ताजी, गरम राख होती.

मी आत आले, पत्रा रिकामा. आईला इतकं बोलले, इतकं बोलले! लेसरने तापवलेली काच म्हणजे काय तुझी कढई आहे का, असंही म्हणाले. आई रुसून घरी गेली. मी रागारागात राख उकरली.

दोन्ही बांगड्या अखंड. पिवळ्या. एक तडा नाही.

मी मोरीतच खाली बसले. अर्थात! तुसाची राख ऊब धरून ठेवते. काच तिच्यात हळूहळू निवली, घाई केली नाही, म्हणून तडकली नाही. मी तर मातीची भट्टी बांधायच्या विचारात होते.

घरी पळत गेले, आईच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "सोड व. कढई म्हणत होती ना मले." मग हसली. मग आम्ही दोघी हसलो. आईच्या हातचा राखेचा फराटा अजून माझ्या गालावर आहे, पुसावासा वाटत नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळी गोड झाली. आता नियम बसला आहे: राख तुसाचीच हवी, बॉयलरमधून नुकतीच काढलेली, गरम. शेजारच्या मिलवाल्याने दोनदा दिली, तिसऱ्यांदा "रोज रोज कोन राख देते बाप्पा" म्हणून कंटाळला.

परवा नेमका कैलाश आला होता, गुंडी न्यायला. मी आपली अडचण बोलले. तो म्हणाला, "आमच्या मिलमध्ये ढीग पडला हाय. आणून देतो ना."

"शहापूरहून? गरम कशी राहील?"

"ह्या गुंडीत आणतो. पोत्यात गुंडाळून. मले लाखनीले रोज कामच असते."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी आला. पोत्यात गुंडाळलेली गुंडी, झाकणाला कणीक लावून बंद केलेली, आत धगधगती राख. काम कुठे आहे त्याचं लाखनीत, विचारलं तर "असंच" म्हणाला. व्यापारी लोक धंद्याच्या गोष्टी सांगत नाहीत.

आईने त्याला चिवडा दिला. आजही दिला. राखेच्या मोबदल्यात चिवडा, सौदा बरा आहे.

४ नोव्हेंबर

ताराबाईंचा नवा हुकूम. "अक्षर मशीनचं नोको. धनीरामभाऊचं पायजे. माह्या लग्नाच्या गुंडीवर तेच हाय, पोरीच्या बांगडीवर बी तेच पायजे."

बाबा म्हणाले, "माह्या हातानं आता 'क' बी निघत नाही." आणि उठून बाहेर पूल पाहत उभे राहिले.

मग मी ठरवलं, बाबांचं अक्षर गोळा करायचं. या भागातल्या घराघरांत ते आहेच की. आज अड्याळला गेले. बस चुकली, तर नेमका कैलाश मिलची पिकअप घेऊन उभा. म्हणाला, "अड्याळलेच चाललो."

ताराबाईंच्या घरी, मग त्यांच्या शेजारी बेबीबाईंकडे, मग पलीकडे. प्रत्येक ठिकाणी माळ्यावरची भांडी खाली निघाली. परात, गुंडी, तांब्या. मी अक्षरांचे फोटो काढायची, कैलाश बॅटरी तिरपी धरायचा, म्हणजे ठिपके उठून दिसतात. फार चांगली धरतो. एका तांब्यावर 'राजकुमार' सापडलं, वेगळ्याच कुणाचं. 'गुड्डी' मात्र कुठेच नव्हतं. भांड्यांवर बायकांची चांगली नावं टाकतात, लाडाची कोण टाकतं?

बेबीबाईंनी विचारलं, "हे कोन व संगं?"

"राख आणतात आमच्याकडे."

बेबीबाईंनी ताराबाईंकडे पाहिलं आणि दोघी तोंडाला पदर लावून बसल्या. धुराने असेल, चूल पेटलेली होती.

घरी येऊन बाबांना संगणकावर सगळी अक्षरं दाखवली. त्यांनी चष्मा सारखा केला. मग एका परातीवरच्या 'म'वर बोट ठेवून म्हणाले, "हे मी ताप असताना टाकलं होतं. पाह्य, कसं वाकडं हाय." मी म्हटलं, 'गुड्डी' तुम्हीच लिहून द्या, कागदावर. "हात थरथरते." मग थरथरू द्या. बराच वेळ कागद तसाच पडून होता. मी चहा करून आले तर त्यावर नाव होतं. दुसरी वेलांटी थरथरलेली. तीच घेणार आहे मी.

१० नोव्हेंबर

धान निघालं आहे. पुलावरून लांबचे ट्रक जातात, पण धानाचे सगळे खालूनच, आमच्या दारावरून. ट्रक गेला की टेबल हलतं आणि अक्षराला पायरी पडते. तीन बांगड्या वाढल्या. (आई, पाहा, बरोबर लिहिलं.)

बाबांनी आज स्टूल टेबलाजवळ ओढलं, टेबलावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. "थांब." मी थांबले. काहीच नव्हतं. मग लांबून ट्रक आला, गेला. "चाल." मी बटन दाबलं. "थांब." पुन्हा ट्रक.

मी विचारलं, कसं कळतं? "छिन्नी चालवाचो तवा बी असंच कराव लागे. गाडीच्या पह्यले टेबल सांगते." त्यांना हिरवा संरक्षक चष्मा दिला. तो लावून बाबा दिवसभर थांब-चाल करत होते. एवढे खूश मी त्यांना मशीन आल्यापासून पाहिलेले नाहीत. संध्याकाळी आईला सांगत होते, "आज मी अन् दामिनीनं चार बांगड्या काढल्या."

मी आणि दामिनीनं. हे मी दोनदा लिहिते. मी आणि दामिनीनं.

१८ नोव्हेंबर

भय्याजी टेप घेऊन आला. दुकानाची लांबी-रुंदी मोजायला. माझ्या मशीनच्या मागे वाकून टेप लावत म्हणाला, "इथं काचेचं काउंटर येईन." मी गुड्डीची शेवटची बांगडी लावली होती, 'राजकुमार'चा 'र' चालू होता.

भय्याजी बोलतच होता. "काकाजी, मंग तुमचं कवा होते खाली करून? माहा माल येऊन राहिला..."

"चूप!" बाबा ओरडले. तळहात टेबलावर, डोळे मिटलेले, हिरवा चष्मा.

भय्याजी टेपसकट उभाच राहिला. ट्रक आला, गेला.

"चाल, दामिनी." मग भय्याजीकडे न पाहता, "गुड्डीचं लग्न होऊ दे बाप्पा, मंग सांगतो. आता काम चालू हाय."

भय्याजीने टेप गुंडाळला. सर्रकन आवाज झाला. 'र' व्यवस्थित आला.

२३ नोव्हेंबर

परीक्षा झाली.

ताराबाई आल्या त्या पिशवीत आपली राख आणि आपलीच नारळाची शेंडी घेऊन. "तुयी राख नोको. माही आणली." गुड्डीपण आली होती. आई, बाबा, कैलाश (राख द्यायला आला होता), शेजारचे पंक्चरवाले, सगळे उभे. मी बांगडी दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बघवेना.

ताराबाई मोरीत बसल्या. खस्स, खस्स, खस्स. गंज घासावा तशी बांगडी घासली, आतून, बाहेरून. पाणी ओतलं. पुन्हा राख. पुन्हा खस्स खस्स. मला वाटलं, आता टण्ण ऐकू येणार. मग पाण्याचा आवाज.

"धनीरामभाऊ," ताराबाई म्हणाल्या, "तुमचं अक्षर काही निघत नाही जी."

मी वळले. त्यांनी ओली बांगडी पुलाच्या कडेने येणाऱ्या उन्हात धरली होती. हळदीच्या रंगाचं 'गुड्डी', वेलांटीला बाबांच्या हाताची थरथर जशीच्या तशी. त्या थरथरीने ते नाव असं दिसत होतं की कुणीतरी हसत हसत लिहिलं आहे.

मग मी रडले, आई रडली, गुड्डी रडली कारण आम्ही रडत होतो. पंक्चरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा बाहेर जाऊन पेढे घेऊन आले, आणि पेढ्यांवर वर्ख होता. मिठाईवाल्याने विचारलं म्हणे, "हे खायासाठी ना?"

कैलाश सगळ्यात मागे उभा होता आणि माझ्याकडेच पाहून हसत होता. आता परीक्षा झाली, रोज राख आणायची गरज नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याचं तोंड एकदम उतरलं. बिचारा, इतके दिवस वेळ घातला, त्याला सवय झाली असेल.

३० नोव्हेंबर

गुड्डीचं लग्न. हिरव्या चुड्यात मधोमध आमची पिवळी बांगडी. उखाणा घेताना राजकुमारचं नाव तोंडातून निघेना, तर गुड्डीने हात पुढे केला आणि म्हणाली, "वाचून घ्या!" मांडव हसून हसून लोळला. जेवताना पाच-सहा बायांनी मला घेरलं, आमच्याही पोरीला करून दे म्हणून. ताराबाई सगळ्यांना सांगत होत्या, "माह्याच दुकानात भेटन."

मला आता रोज राख लागणार. कैलाशला उगाच नाही म्हटलं.

३ डिसेंबर

आज मी शहापूरला जाऊन आले. ठरवलं होतं, कैलाशला त्रास नको, त्याच्या मिलचा बॉयलर किती राख देतो ते स्वतः पाहावं, नीट ठरवून टाकावं. कैलाश भंडाऱ्याला गेला होता. त्याची आई मंदाबाई घरी होत्या. मला बघून इतक्या आनंदल्या की मला वाटलं, त्या मला दुसरं कुणी समजतायत.

मी म्हटलं, काकू, मला बॉयलर पाहायचा होता.

"कोनचा बॉयलर?"

मिलचा.

"आमच्या मिलमध्ये कुठचा बॉयलर व? आमचा कच्चा तांदूळ. उकड्या तांदळाच्या मिलमध्ये असते बॉयलर. आमचं तूस तर आमी विकून टाकतो."

मी म्हटलं, मग राख?

मंदाबाई हसायला लागल्या. "थो सकाळी सकाळी गुंडी घेऊन जाते पलीकडच्या मिलमध्ये. त्यायचा बॉयलरवाला तं वैतागून गेला. मी म्हटलं, कायले रे बाप्पा राख वाहून राहिला? तं म्हणते, लाखनीले लागते."

मी बसमध्ये बसले आणि लाखनी येईपर्यंत बाहेर पाहत होते. जर्नलची कव्हरं आठवली. अड्याळला "अड्याळलेच चाललो" म्हणालेला आठवला. बॅटरी आठवली. चिवडा आठवला, आईने त्यात मुद्दाम काजू टाकले होते, मला वाटलं दिवाळीचे उरलेत. एम.एस्सी. फिजिक्स. बांगडीत चांदीचा कण कुठे जाऊन बसला ते मला दिसतं. समोर उभा असलेला माणूस रोज कशाला येतो, ते बॉयलर पाहायला गेल्यावर कळतं.

आईला म्हटलं, तुला माहीत होतं? "लाखनीत कोनाले माहीत नोव्हतं?"

४ डिसेंबर

मी नको म्हटलं होतं, तरी सकाळी तो आला. पोत्यात गुंडाळलेली गुंडी. मी राख ओतून घेतली, गुंडी फडक्याने पुसली आणि टेबलावर ठेवली. 'कैलाश'. आणि बाजूला एवढी मोठी मोकळी जागा.

मी विचारलं, "इथे काय टाकायचं ते अजून सांगितलं नाहीस."

तो लाल झाला. म्हणाला, "तुले समजलं काय?"

"मंदाबाईंनी बॉयलर दाखवला."

तो इतका हसला, इतका हसला की बाहेर पंक्चरवाले वाकून पाहायला लागले. मग गंभीर होऊन म्हणाला, "दुकान तुयं इथंच राहीन. मी काही मागून नाही राहिलो. फक्त जागा तेवढी भरून पायजे." मी म्हटलं, राख? म्हणाला, "राख तं आणीनच."

मी गुंडी मशीनखाली ठेवायला उचलली. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. खालच्या खणातून छिन्नी काढली, हातोडी काढली, चष्मा पुसला. मी म्हटलं, बाबा, हात. "थरथरू दे," म्हणाले. "माह्या पोरीचं नाव मशीननं टाकाचं काय?"

टुक, टुक, टुक. किती दिवसांनी हा आवाज ऐकला. दामिनीतला 'दा' झाला, 'मि' झाला, 'नी'च्या वेलांटीवर आले, आणि दारात भय्याजी उभा. टेप खिशात.

"काकाजी, मंग दुकानाचं काय करता?"

बाबांनी मान वर केली नाही. तळहात टेबलावर ठेवला, ट्रक जाऊ दिला, मग वेलांटी पुरी केली. थोडी वाकडी गेली. बरी दिसते.

"दुकान खाली नाही होत बाप्पा," ते म्हणाले. "काम लय हाय."